सुईचं उष्टं

नंदलाल सोनकुसरे जन्मभर शिवलेले सदरे घालून फिरला, पण शिवणाऱ्याला त्याने कधी माणसात धरलं नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण ते सदरे मीच शिवले. मी डोमा. आंधळगावच्या बाजारगल्लीत तोंडाशीच माझं दुकान आहे. पाटीवर ‘डोमा टेलर्स’ असं अनेकवचन आहे, आत मी एकटाच. सदरे, पोलकी शिवतो, पण पोट चालतं ते लग्नमंडपाच्या कनाती आणि छतं शिवून. नंदलालचं घर त्याच गल्लीत सात घरं पुढे. घर विणकराचं, तेही कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणणाऱ्याचं, आणि त्याचा त्याला भारी ताठा.

त्याचं एक शास्त्र होतं. रोज माझ्याच स्टुलावर बसून, माझाच चहा पिऊन तो ते मला ऐकवायचा.

“कपडा मागावरून उतरला का तो पुरा झाला, डोमा. मंग तुमी लोक त्याले भोकं पाडता. सुई लागली का कपडा उष्टा.”

मी म्हणायचो, “मंग उघडा फिर ना गा.”

तो म्हणायचा, “मी माणूस आहो, मी उष्टं घालतो. देवाले चालते काय तुझं शिवलेलं? सोवळं कधी शिवलेलं पाह्यलं काय?”

पूजेला बसणारा माणूस न शिवलेलंच नेसतो, ते काही मी बदलू शकत नव्हतो. मी मशीन जोरात चालवायचो, म्हणजे त्याचं बोलणं ऐकू येत नसे. असं तीस वर्षं चाललं. गल्लीतले लोक याला आमची दोस्ती म्हणत. होतीच म्हणा. पण रोज थोडं थोडं मीठ पोटात गेलं तर माणसाला कळत नाही, किती साचलं ते.

कापड दिसलं की त्याचा हात आवरत नसे. तुमसरच्या एसटी स्टँडवर अनोळखी माणसाची बाही धरून “यात पॉलिस्टर आहे” म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एका लग्नात त्याने व्याह्याचा फेटा चाचपला. एकदा तर मयतीला गेलो होतो, तिथे याने कफनाचं कापड दोन बोटांत धरलं आणि मान हलवली. घरच्यांना वाटलं, दुःखाने हलवली. मला माहीत होतं, सुताची जात त्याला पसंत पडली नव्हती.

सहा वर्षांपूर्वी त्याचा माग थांबला. साड्यांची ऑर्डर देणाऱ्या व्यापाऱ्याने अर्ध्यातच नको म्हणून सांगितलं, कारण यंत्रमागावरचं कापड दिसायला तसंच असतं आणि गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, तसाच चढलेला. नंदलालने तो फुकट जाऊ दिला नाही. उरलेल्या ताण्यावर त्याने दोन-दोन हातांचे सोळा तुकडे विणले. दोन तुकड्यांच्या मध्ये वीतभर धागे न विणता सोडले, म्हणजे तुकडे वेगळे करताना कात्री फक्त सुट्या धाग्यांना लागेल, विणलेल्या कापडाला नाही. ते सुटे धागे म्हणजे दशा. वरच्या दशा बांबूच्या काडीला बांधल्या की तुकडा भिंतीवर टांगता येई. एक टाका म्हणून त्यात नव्हता.

हे त्याने बायकोसाठी केलं. कौशल्यावहिनी साड्यांच्या काठांची नक्षी कागदावर काढून द्यायची. माग थांबला तशी तिची नक्षीही थांबली, आणि मग तिने या तुकड्यांवर चित्रं काढायला घेतली. काजळी आणि बाभळीचा डिंक घोटून काळी शाई करायची. होळीच्या सुमारास पळसाची फुलं गोळा करून, वाळवून, उकळून केशरी रंग करायचा. तलावाच्या पाळीवरचे सारस, चिखलात धानाची रोवणी करणाऱ्या बाया, मोहाची फुलं वेचणारी म्हातारी. पिकल्या धानाचा रंग मात्र तिने कधी लावला नाही. कोशाचाच तो रंग, तेवढी जागा ती कोरी सोडायची आणि पाहणाऱ्याला धान दिसायचं. मला चित्रातलं काही कळत नाही. पण ते धान मला दिसलं होतं.

बाजारातले तयार रंग ती वापरत नसे. नंदलालच वापरू देत नसे. म्हणायचा, “तो रंग कपड्यावर बसते, आत नाही जात. कोशाचा श्वास बंद होते.” त्यामुळे तिच्या चित्रांना पाणी म्हणजे विष. ओला हात लागला तरी शाई फुटायची. चार वर्षांत बारा चित्रं झाली. चार तुकडे कोरे उरले. गावात लोक ‘सोनकुसऱ्याची बायको चित्रं काढते’ हे ‘तिला झटके येतात’ म्हटल्यासारखं बोलत.

मग त्यांच्या मुलीने, करुणाने, एक काम केलं. ती लग्न होऊन तुमसरला असते. तिने मोबाईलवर चित्रांचे फोटो काढले आणि भंडाऱ्यात फेब्रुवारीत होणाऱ्या तीन दिवसांच्या उघड्या मैदानावरच्या चित्रप्रदर्शनाला पाठवले. आईची निवड झाली. पत्र आलं. पत्रात एक अट होती: प्रत्येक कलाकाराने दहा बाय दहा फुटांचा पांढरा, जलरोधक तंबू स्वतः आणावा.

नंदलाल पत्र घेऊन माझ्या दुकानात आला. त्या दिवशी तो स्टुलावर बसला नाही, उभ्याउभ्याच बोलला.

“नागपूरची मोठीमोठी माणसं येतेत म्हणे. चित्रं गेली तं लोक आणखीन मागतीन. चित्रासाठी कोसा लागंल, कोशासाठी माग. मी माग पुसून ठेवला आहे, डोमा.”

त्याचे डोळे लहान पोरासारखे झाले होते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्याच्याबरोबर तंबू घ्यायला भंडाऱ्याला गेलो.

भंडाऱ्यात भुपेंद्रचं ताडपत्रीचं दुकान आहे. धानाच्या पुंजण्यांवर, कापून रचलेल्या ढिगांवर, टाकायच्या ताडपत्र्या तो विकतो, आणि माझं मंडपाचं कापडही मी त्याच्याकडूनच नेतो. तिथे मला मान आहे. मी गेलो की तो खुर्ची पुसतो, ‘मास्तर’ म्हणतो. आयुष्यात मला मास्तर म्हणणारी जागा ती एकच. हे सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते या खुर्चीमुळे झालं.

भुपेंद्रने तीन तंबू काढले. तिन्हींचे सांगाडे लोखंडी, घडीचे, ओढले की उघडणारे. फरक छतात. पहिलं छत छत्रीच्या कापडासारखं पातळ. नंदलालने ते तोंडाजवळ नेलं आणि फुंकर मारली. फुंकर पलीकडे त्याच्या तळहाताला लागली.

“ही तं मच्छरदानी आहे,” तो म्हणाला आणि बाजूला टाकली.

दुसरं छत जाड, प्लास्टिकचा लेप दिलेलं, जरा चमकणारं. भुपेंद्र म्हणाला, “काका, हा घ्या. याच्यात शिलाईच नाही. जोड आहेत ते गरम करून चिकटवले आहेत. दिवसभर पाणी पडू द्या, आत थेंब येनार नाही.”

नंदलालने दोन बोटांत धरून चोळलं आणि बोटं सदऱ्याला पुसली. “हा कपडाच नोहे. हा रबरी बूट आहे. याच्याखाली कोसा घुसमटंल.”

तिसरं छत कापडाचं होतं. पांढरं, जाड, घट्ट विणीचं, पाणी न शोषणारी प्रक्रिया केलेलं. नंदलालने डोळे मिटून ते चोळलं. किनारीचा एक धागा ओढून पाहिला. फुंकर मारली, पलीकडे काही आलं नाही. मग त्याने दुकानातला पाण्याचा ग्लास मागितला, छताच्या एका बाजूला हाताने खळगा करून त्यात पाणी ओतलं, आणि भुपेंद्रला म्हणाला, “आता चहा सांगा.” चहा आला, पिऊन झाला, कप गेले. पाणी खळग्यात तसंच. खालून हात लावला तर कोरडं. नंदलालच्या तोंडावर असं हसू आलं की जणू ते कापड त्यानेच विणलं होतं.

मी तोवर माझं काम करत होतो. सांगाडा उघडून मिटून पाहिला, खिट्ट्या तपासल्या, दोऱ्या आणि खुंट्या मागून घेतल्या, चार पायांना बांधायला चार गोण्या वाळू लागेल हे मनाशी धरलं. मग तेच तिसरं छत उलटं केलं. कापड शिवणारा माणूस वस्तू उलटीच करून पाहतो. छत दोन पन्ह्यांचं होतं, मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जोड. जोडाला टीप एकेरी. टाके लांब. आतून पट्टी नाही. सुई जाड वापरलेली, भोकं मोठी. मी ते उजेडाकडे धरलं तर जोडावरून उजेड आत येत होता, ठिपक्या-ठिपक्यांनी. माझं बोट त्या जोडावर होतं आणि मी बोलायला तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात भुपेंद्रच म्हणाला, “मास्तर, तुम्ही सांगा. दुसरा घ्यायचा का तिसरा?”

नंदलाल हसला. मोठ्याने हसला, दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती त्यांनाही ऐकू जाईल असा.

“त्याले काय इचारता वो? कपड्याचा मामला आहे. तो सुईवाला. कपड्याचं उष्टं खानारा मानूस.”

ती दोन गिऱ्हाईकंही हसली. भुपेंद्र हसला नाही, पण त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

हेच वाक्य माझ्या दुकानात तो म्हणाला असता तर मी मशीन चालवलं असतं. पण ते त्याने त्या खुर्चीसमोर म्हटलं. मी जोडावरचं बोट काढलं. छत सुलटं केलं, नीट घडी घातली आणि भुपेंद्रला म्हणालो, “कपडा चांगला आहे.”

शब्दाला शब्द खरं बोललो. कपडा चांगलाच होता. आजही कोणी शपथेवर विचारलं तर मी हेच सांगेन, आणि म्हणूनच त्या वाक्याची मला किळस येते.

तंबू घरी आला. प्रदर्शनाला अकरा दिवस होते. मी स्वतःला समजावलं की फेब्रुवारी आहे, पाऊस कुठला पडायला. आणि पडणारच असेल तर त्याआधी मी जोड पक्का करून देईन. काम किती? दुसरी टीप मारायची, वरून मेण घासायचं, इस्त्री फिरवायची, आतून पट्टी शिवायची. तासाभराचं काम. धाग्याला लावायचं मेण माझ्या गल्ल्याजवळ कायम पडलेलं असतं. फक्त नंदलालने येऊन म्हणायला हवं होतं, ‘डोमा, एकदा पाहून दे बरं.’ एवढंच.

तो रोज आला. रोज स्टुलावर बसला. तंबूच्या कापडाची तारीफ केली. एक दिवस म्हणाला, “असा कपडा विणनारा कोन असंल गा? त्याच्या पाया पडाव असं वाटते.” मी म्हणालो, “पड ना.” मेणाचा गोळा आमच्या दोघांच्या मध्ये होता. मी अकरा दिवस वाट पाहिली. कोणाची, हे मला तेव्हाही नीट माहीत होतं.

पहिला दिवस चांगला गेला. भंडाऱ्यातलं ते मैदान पांढऱ्या तंबूंनी भरलं होतं. आमचा तंबू मीच उभारला, दोऱ्या मीच ताणल्या, पायांना वाळूच्या गोण्या मीच बांधल्या. करुणा आली होती, तिने आईला नवी साडी नेसवली होती. चित्रं तीन बाजूंनी टांगली. लोक थांबत होते. नागपूरच्या एका बाई सारसांच्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, “धानाला हा रंग कोणता वापरला?” वहिनी म्हणाली, “रंग नाही लावला, बाई. तो कपडाच आहे. यांनी विणला.” नंदलालने मान खाली घातली. त्याला कोणी असं चारचौघांत पुढे केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. साडीवर विणकराचं नाव नसतं. बाई म्हणाल्या, परवा नवऱ्याला घेऊन येते, हे आणि ते रोवणीचं, दोन्ही ठेवा.

दुसऱ्या दिवशी करुणा शाळेत शिकवायला गेली, आम्ही तिघंच होतो. दुपारी दोनला वरठीच्या बाजूने आभाळ काळं झालं. वारा सुटला, मग मोठे थेंब, मग गारा. बोराएवढ्या गारा. शेजारचे दोन तंबू उलटले, एक तर समोरच्या कुंपणावर जाऊन बसला. लोक चित्रं पोटाशी धरून पळत होते. आमचा तंबू जागचा हलला नाही. वाळूच्या गोण्यांनी काम केलं.

वाऱ्याने कडेकडेचे थेंब आत उडायला लागले तसा नंदलाल उठला. “बाजूची चित्रं मधात घ्या,” तो म्हणाला. मधल्या दांडीला त्याने एकेक करून बाराही चित्रं अडकवली. तंबूच्या मधोमध, कडेपासून सगळ्यांत लांब. कोणीही तेच केलं असतं. मी पाहत होतो. दांडी नेमकी जोडाखाली होती.

तेव्हाही बोलता आलं असतं. मी नुसतं म्हणायचं होतं, मधात नको. पण मग त्याने विचारलं असतं, काहून? आणि मला सांगावं लागलं असतं, कधीपासून माहीत होतं ते. मी गोणीची गाठ आवळत बसलो. ती आधीच आवळलेली होती.

छतावर गारा साचल्या आणि त्यांच्या वजनाने मधला जोड ताणला गेला. नंदलाल वर पाहून म्हणत होता, “पाह्य डोमा, कपडा पाह्य. एक थेंब नाही.” खरंच, कापडातून एक थेंब येत नव्हता. मग जोडावर आतून पाण्याचे मणी उमटले, एका ओळीत, टाक्याला टाका. पहिला थेंब सारसांवर पडला. सारसाची मान फुटली आणि काळं पाणी धानावरून खाली ओघळलं. मग ओळीने सगळीकडूनच पाणी आलं.

वहिनीने पदर पसरून धरला. बारा चित्रं आणि एक पदर. मी आणि नंदलाल चित्रं काढायला धावलो, पण ओल्या हाताने धरलं की तिथेच रंग फुटे. गारा थांबल्या तेव्हा तीन चित्रं शाबूत होती. नऊ गेली होती. सारसांचं आणि रोवणीचं, दोन्ही त्या नऊत.

नंदलाल खाली बसला नाही, रडला नाही. त्याने छताचं कापड वर हात करून चाचपलं. “कोरडं आहे,” तो म्हणाला. “कपडा तं कोरडाच आहे, डोमा. मंग पानी कुठून आलं?” तो भोक शोधत होता. हात त्या जोडावरून दोन वेळा पुढे गेला आणि थांबला नाही. त्याच्या हाताला जोड माहीतच नव्हता. मागावरून उतरलेल्या कापडाला जोड नसतो, आणि त्याच्या लेखी कापड म्हणजे तेवढंच.

“शिवणीतून आलं,” मी म्हणालो. “सुईचं भोक असते ना.”

त्याने हसल्यासारखं काहीतरी केलं. “मीच म्हणत होतो ना गा,” तो म्हणाला, “सुई लागली का कपडा उष्टा.”

वहिनीने वर जोडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिचा पदर काळा-केशरी झाला होता.

“भाऊजी,” ती म्हणाली, “दुकानात तुमी होते ना संगं?”

“होतो.”

“तुमाले दिसली नाही ही शिवण?”

“नाई,” मी म्हणालो.

बाई असं खोटं ऐकते तेव्हा आणखी विचारत नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. नागपूरच्या बाई तिसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन आल्या होत्या असं नंतर करुणाकडून कळलं. आम्ही तिथे नव्हतोच.

होळी झाली. पळस फुलून गेला, वहिनी फुलं वेचायला गेली नाही. नंदलाल माझ्या दुकानावरून जायचा, पण स्टुलावर बसत नसे. मग एक दिवस तो गाठोडं घेऊन आला आणि मशीनवर ठेवलं. आत नऊ डागाळलेली चित्रं आणि ते चार कोरे तुकडे होते.

“काप,” तो म्हणाला.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी त्याच्याकडे पाहिलं.

“करुणा म्हणते, कोशाच्या लहान पिशव्या खपतेत नागपूरले. मोबाईल ठेवाच्या. डाग टाळून जेवढ्या निघतीन तेवढ्या काढ. हिनं खुना करून देल्या आहेत.”

मी पहिलं चित्र उलगडलं. वहिनीने खडूने रेघा मारल्या होत्या, पट्टी लावून, सरळ. एक रेघ सारसाच्या मानेवरून गेली होती, एक रोवणी करणाऱ्या बाईच्या पाठीवरून. तिच्या हाताची सरळ रेघ मी आधी कधी पाहिली नव्हती.

“मागाचं काय?” मी विचारलं.

“सरपनात,” तो म्हणाला. मग जणू माझ्यावर उपकार करत असल्यासारखा म्हणाला, “ही घरी म्हणत राह्यते, डोमाभाऊजीले ते दिसलं होतं. मी म्हनलो, पागल झाली काय. त्याले दिसलं असतं तं तो सांगल्याबिगर राह्यला असता काय? तीस वर्षापासून वळखतो मी त्याले.”

मी सुईत धागा ओवत होतो. माझी नजर आता कमजोर आहे, एरवी तीन-चार वेळा चुकतो. त्या वेळी धागा पहिल्याच फटक्यात गेला.

तो गेल्यावर दुकानाचं दार ओढून घेतलं आणि कात्री चालवली. कोसा कापताना आवाज होतो, जरा करकर असा. मी हजारो वार कापड कापलं, त्या आवाजाने कधी दात शिवशिवले नव्हते. आठ दिवस तेच काम केलं. प्रत्येक पिशवीला दुहेरी टीप, बारीक टाका, आतून पट्टी, धाग्याला मेण. मोबाईल ठेवायच्या पिशवीला कोणी आतून पट्टी लावत नाही. मी लावली. एक्केचाळीस पिशव्या झाल्या.

नंदलाल न्यायला आला. त्याने वरची एक पिशवी उचलली. मला वाटलं, आता दोन बोटांत धरून चोळेल, डोळे मिटेल. त्याने कापडाला हात लावला नाही. पिशवी उलटी केली, दाराच्या उजेडाकडे धरली आणि शिवणीवरून नख फिरवत शेवटपर्यंत गेला. नवीन अक्षर वाचायला शिकणाऱ्या माणसासारखा, अडखळत.

मग त्याने मला विचारलं. तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

“पक्की आहे काय, डोमा? तुले समजते.”

“हाव,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली, पिशवी सुलटी केली, गाठोडं बांधलं आणि काखेत मारलं. उरलेल्या चाळीस त्याने पाहिल्याच नाहीत.